व्यापाऱ्याने तुमचं रान मोजलंय, तुम्ही मोजलंय का?

या वेळचं पत्र रत्नागिरी जिल्ह्यातून आलं आहे. थोडं आखडून देतो:

"आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला. घराच्या वरच्या अंगाला डोंगरावर ९ एकर रान आहे, सामाईक. यजमान गेल्यावर सातबाऱ्याला माझं आणि मुलाचं नाव लागलं. बाकी हिस्सेदार माझे दोन दीर, दोघेही मुंबईला. गणपतीत मोठे भावोजी एका लाकूड व्यापाऱ्याला घेऊन आले. त्याचा माणूस दोन दिवस रानात फिरून गेला आणि मग निरोप आला की सगळं रान उक्तं घेतो, १ लाख ८० हजारांना. परवानगी, कटर, गाडी सगळं तोच बघणार. भावोजी म्हणतात, १७ वर्षांमागे तोडलं होतं, परत वाढलंच ना? आता तोडून काजू लावू. मला पैशांची गरज आहे, घराचं छप्पर यंदा जेमतेम टिकलं. पण मुलगा अकरावी सायन्सला आहे, सुट्टी पडली की रानात असतो. पहाटे उठून पाणवठ्यावर जाऊन बसतो. त्याला पुढे वन्यजीवांचंच शिकायचंय. 'एक झाड तोडू देणार नाही' म्हणून काकांशी भांडला. त्यात श्रावणात बिबट्याने वासरू नेलं. वाडीतले म्हणतात, रान साफ केलंत तर वाघ आपोआप जाईल. सासूबाई काहीच बोलत नाहीत. मी काय करू? आणि या मुलाच्या शिक्षणाचं काय?"

ताई,

व्यापाऱ्याचा माणूस दोन दिवस रानात फिरला आणि मग आकडा आला, हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. माझं लक्ष तिथेच अडकलं. म्हणजे तुमच्या ९ एकरांत ऐन किती, किंजळ किती, जाड खोडं कुठे आहेत, गाडी कुठवर चढेल, हे त्याला ठाऊक आहे. तुम्हाला नाही, तुमच्या दिरांनाही नाही. मुलालाही नसावं, कारण पक्षी बघणारा पोरगा वर बघत चालतो, खोडांकडे त्याचं लक्ष जात नाही.

व्यापारी लबाड आहे, असं मी म्हणत नाही. त्याचा तो धंदा आहे. गाय विकायला काढली की गिऱ्हाईक दात बघणारच. इथे मात्र मालकानेच गाय बघितलेली नाही. म्हणून तोडावं की राखावं, याचं उत्तर मी आज देणार नाही. आधी मोजा, आणि ते काम मुलाकडे द्या. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मोजायला वनखात्याचा साहेब लागत नाही. गुंठा तुम्हाला नवा नाही: ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. तेवढ्या मापाची दोरी घ्या आणि रानात वेगवेगळ्या ठिकाणी असे १२ गुंठे आखा. काही पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, काही चढावर, काही माथ्याला, दोन-तीन घराच्या अंगाला. चांगली झाडं बघून जागा निवडली तर आकडा खोटा येतो. म्हणून घरी बसून नकाशावर आधी खुणा करायच्या आणि त्या जागी जे असेल ते मोजायचं, नुसती करवंदाची जाळी असली तरी. प्रत्येक झाडाचं नाव लिहायचं. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर घ्यायचा, त्याला शिंप्याची टेप पुरते. झाड बियांपासून वाढलेलं आहे की जुन्या खुंटाचा फुटवा आहे, त्याला ढोली आहे का, हेही नोंदवायचं. १२ गुंठ्यांची सरासरी काढा, ४०ने गुणा, एकरी हिशेब झाला. मग ९ने गुणा. वनशास्त्राच्या कॉलेजातला नमुना-मोजणीचा धडा याच तत्त्वावर असतो. तिथे चौकोन मीटरमध्ये आखतात, एवढाच फरक.

भातकापणी उरकली की सुरुवात करा. गवत वाळायला लागलेलं असतं, पाय कुठे पडतो ते दिसतं, आणि झाडांवर पानं असतात म्हणून ओळख सोपी जाते. किंजळाला तेव्हा तांबूस फळांचे झुबके आलेले असतात, अख्खं झाड लांबून लालसर दिसतं. ऐन सालीवरून कळतो, खोल भेगा आणि चौकोनी खवले. बेहड्याची पानं फांदीच्या टोकाशी गोळा झालेली असतात. सातवीण तर फुलावर असली की रात्री वासावरूनच कळते. मुलाला सिंह-जिराफाची माहिती तोंडपाठ असेल, पण घराच्या वरच्या झाडांतलं ऐन कुठलं आणि किंजळ कुठलं हे सांगता येत नसेल, तर त्यात त्याचा दोष नाही. आपल्या शाळांच्या भिंतींवरच्या तक्त्यांत किंजळ मी तरी पाहिलेला नाही.

आता सासूबाई. त्या काहीच बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंत. त्यांना कुणी काही विचारलं का?

मुलाला सांगा, ओळख न पटलेल्या प्रत्येक झाडाची डहाळी आणि सालीचा तुकडा आणून पडवीत आजीसमोर ठेवायचा. नजर कमी झाली असली तरी वास आणि स्पर्श असतो. नाव त्या सांगतीलच. पण नावापेक्षा मोठ्या अशा दोन गोष्टी विचारायच्या. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या डोंगरावर काय होतं जे आता नाही? आणि १७ वर्षांपूर्वीच्या तोडीत कुठली झाडं गेली ती परत आली नाहीत? राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (डहाळ्या) तोडायला, शिकेकाई-हिरडा गोळा करायला ज्या बायका रानात गेल्या, त्यांच्याइतकी माहिती वनखात्याच्या दप्तरातही सापडत नाही. ती वहीत उतरली पाहिजे, आणि लवकर.

हे विचारायचं कारण तुमच्या दिरांचा मुद्दा. "परत वाढलंच ना?" हे अर्धं खरं आहे, म्हणून ते उडवून लावू नका. ऐन, किंजळ यांना बुंध्यातून जोमाने फुटवे येतात. पाऊस चांगला, माती बरी, की आठ-दहा वर्षांत डोंगर पुन्हा हिरवा दिसतो. कोकणातली खाजगी रानं याच हिशेबावर पिढ्यान्‌पिढ्या जळाऊ लाकडासाठी आणि कोळशासाठी तुटत आली. पण वाढतं ते कोण? जो खुंटातून फुटतो तो. ज्याला बी पडून, रुजून, सावलीत दहा-वीस वर्षं काढून मोठं व्हावं लागतं, तो प्रत्येक तोडीला मागे पडतो. दोन-तीन तोडी झाल्या की रान असतं, पण दोन-तीन जातींचं. मनगटाएवढ्या, फार तर मांडीएवढ्या खोडांचं. आणि तोडीमागून आग लागली किंवा गुरं सुटली तर खुंटही थकतात. मोजणीत फुटवे आणि बियांची झाडं वेगळी लिहायला सांगितली ती याचसाठी. दहातली नऊ फुटव्याची निघाली तर तुमच्या रानाने काय सोसलंय ते कळेल. बियांची झाडं बरीच निघाली, तर १७ वर्षांत ते खरोखर सावरलंय आणि आता ते १ लाख ८० हजारांना द्यायचं का, हा प्रश्न वेगळा होतो.

आकड्याचंच बोलायचं तर १ लाख ८० हजारांना ९ एकर म्हणजे एकरी २० हजार. त्याला १७ वर्षांनी भागलं तर एकरी महिन्याला १०० रुपयेसुद्धा पडत नाहीत. तिघांत वाटले की तुमच्या वाट्याला ६० हजार. छपराला ते लागतील हे मी नाकारत नाही. गळक्या घरात राहणाऱ्या बाईला झाडांवर प्रवचन देणं मला जमत नाही. पण छपराला ६० हजार पाहिजेत म्हणून १ लाख ८० हजारांचं रान पाडायचं का, हे तरी विचारता येईल.

मधला रस्ता आहे. मोजणीत फुटव्यांची दाटी जिथे जास्त दिसेल असा खालच्या वाटेजवळचा दोन-तीन एकराचा तुकडा काढा आणि बाकीचं ठेवा. पुढचा तुकडा काही वर्षांनी. त्या तुकड्यातही काही झाडं राखायची: वड, उंबर, पिंपळ या वर्गातलं एकही तोडायचं नाही, बेहडा तोडायचा नाही, ढोलीचं झाड तोडायचं नाही, आणि पऱ्याच्या दोन्ही कडांचा पट्टा सोडायचा. पऱ्या उघडा पडला की पावसात माती खाली तुमच्याच भाताच्या मळ्यात येते आणि फेब्रुवारीत पाणी आधी आटतं. राखायच्या झाडांना कामगार यायच्या आधी लाल रंगाचा पट्टा मारा. तोंडी सांगितलेलं कटरच्या आवाजात कुणाला ऐकू येत नाही. सौदा उक्ता नको, वजनावर करा, वजनकाट्याच्या पावतीसकट. दुसऱ्या व्यापाऱ्याचा भावही घ्या. खुंट जमिनीसरसा आणि तिरपा कापायचा, म्हणजे पाणी साचून कुजत नाही. काम पावसाआधी संपवायचं, राहिलेला पालापाचोळा पेटवायचा नाही. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर दोन चांगले फुटवे ठेवून बाकी छाटले, तर पुढच्या वेळी मनगटाऐवजी खोड मिळतं. हे शेवटचं काम कोकणात फारसं कुणी करत नाही, आणि मग "लाकूड बारीकच येतं" अशी तक्रार करतात.

बेहड्यावर मी अडून बसतो त्याला कारण आहे. धनेश, ज्याला तुमच्याकडे ककणेरही म्हणतात, त्याची मादी मोठ्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं वाढेपर्यंत नर बाहेरून चोचीने फळं भरवतो. एवढी ढोली व्हायला म्हातारं, जाडजूड झाड लागतं, आणि संगमेश्वरच्या बाजूला ते बऱ्याचदा जुना बेहडा असतं. खायला त्याला उंबर-वडाची फळं लागतात. गंमत बघा, १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय न तोडायच्या यादीत, १६ झाडं आहेत. साग, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ अशी. बेहडा त्यात नाही, उंबरही नाही. यादी करताना माणसाच्या उपयोगाचा विचार झाला, धनेशाचा कशाला होईल. म्हणजे ही झाडं राखली जायची ती मालकाने ठरवलं तरच.

कायद्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो, कारण "परवानगी तो बघणार" या शब्दांनी मला काळजी लावली. ऐन आणि किंजळ अनुसूचीत असल्याने त्यांच्या तोडीला वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि लाकूड रस्त्याने न्यायला वाहतूक परवाना. अर्ज जमीनमालकाच्या नावाचा असतो. व्यापारी पळापळ करील, त्यात गैर काही नाही. पण कोऱ्या कागदावर सही नको आणि कुलमुखत्यारपत्र तर मुळीच नको. उद्या परवानगीपेक्षा जास्त झाडं पडली तर विचारणा सातबाऱ्यावरच्या नावांना होते. रान सामाईक आहे, तुमची संमती नसेल तर तसं दोन ओळींत लिहून वनपरिक्षेत्र कार्यालयात द्या आणि पोच घ्या. दिरांशी वैर धरून नाही, त्यांना आधी सांगून.

त्याआधी ताजा सातबारा काढा आणि "इतर हक्क" हा रकाना वाचा. तिथे "खाजगी वन", "राखीव वन" किंवा "कलम ३५" (भारतीय वन कायद्यातलं, खाजगी रानाला नोटीस काढायचं) असा काही शेरा आहे का? १९७५च्या खाजगी वने संपादन कायद्यानंतर कोकणात असे शेरे बऱ्याच सातबाऱ्यांवर आले. त्यातले काही वादातही आहेत. नुसती जुनी नोटीस निघाली म्हणून जमीन आपोआप खाजगी वन होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये गोदरेजच्या खटल्यात सांगितलं. पण शेरा असेल तर तालुक्याच्या वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. काजूचा बेतही इथेच अडखळतो. जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर रान काढून फळबाग करणं हा १९८०च्या वनसंवर्धन कायद्याने वनेतर वापर ठरतो आणि त्याला केंद्र सरकारची आधी मंजुरी लागते. हे दिरांना तुम्ही सांगण्यापेक्षा सातबाराच हातात द्या.

बिबट्याचं आता. "रान साफ केलं की वाघ जाईल" हे ऐकायला पटतं, पण तसं होत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात अकोले गावाभोवतीच्या बागायती पट्ट्यात, जिथे आसपास जंगल म्हणावं असं काही नाही, तिथे उसात बिबटे राहतात, पिल्लं वाढवतात. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अभ्यास केला तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावच्या कुत्र्यांचा निघाला. त्याला आडोशाला चार झुडपं आणि खायला कुत्री, डुकरं, मोकळी वासरं मिळाली की पुरतं. तुमच्या ९ एकरांवर त्याचं घर अवलंबून नाही, ते फक्त त्याच्या फिरण्याच्या टापूतला एक तुकडा आहेत. वर चांदोलीचं जंगल आहे, २०१०पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. खाली वाड्या आहेत. रान काढलं तर तो निघून जाणार नाही, वाडीतून वाडीत जाताना जास्त उघड्यावरून जाईल, एवढंच.

पिंजरा लावून दूर सोडून या, ही मागणीही होईल. जुन्नर भागात २००१नंतर बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडण्याचा सपाटा लागला होता, आणि ज्या भागांत ते सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढल्याचं याच अभ्यासकांना दिसलं. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो.

तेव्हा करायचं ते गोठ्यात. वासरू नेलं ते उघड्यावर बांधलेलं होतं, असा माझा अंदाज आहे. गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही बंदोबस्त हवा, दार बिबट्याच्या पंजाने ढकलून उघडणारं नको. कोंबडीची आतडी, मेलेली कुत्री, कचरा घरामागे टाकणं बंद, कारण त्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो. विहिरीला कठडा नसेल तर बांधा. रत्नागिरी जिल्ह्यात कठडा नसलेल्या विहिरींत बिबटे पडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि मग अख्खं गाव काठाला जमतं तो प्रसंग बिबट्यापेक्षा जमलेल्यांना धोक्याचा असतो. पुन्हा जनावर गेलं तर मेलेलं जनावर हलवू नका, फोटो काढा आणि ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवा. १९२६ हा त्यांचा फोन आहे. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. श्रावणातल्या वासराचं कळवलं होतं का, ते तुम्ही लिहिलं नाहीत.

आणि मुलाचं पहाटे एकट्याने पाणवठ्यावर बसणं थांबवा. बसलेला, वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. उजाडल्यावर जाऊ दे, सोबत कुणाला तरी घेऊन, बोलत. पक्षी आठ वाजताही असतात.

मुलाला काकांशी भांडायचं असेल तर भांडू दे, पण "एक झाड तोडू देणार नाही" हे वाक्य त्याने परत घ्यायला हवं. छप्पर त्याच्याही डोक्यावर आहे. वन्यजीवांवर प्रेम करणारी बरीच शहरी मंडळी ही चूक करतात. रान ज्याचं आहे त्याच्या पोटापाण्याचं आपल्याला काही देणंघेणं नाही, असं बोलतात. तुमच्या मुलाला दोन्ही बाजू घरातच दिसतायत, ती त्याची जमेची बाजू आहे. शिमग्याला दोघे दीर पालखीसाठी येतील तेव्हा त्याने वही घेऊन समोर बसावं: इतकी ऐन, इतकी किंजळ, इतकी राखायची, इतकी आत्ता काढता येतील, वजनावर दिली तर इतके होतात. काका शब्दांना उत्तर देतील, बेरजेला द्यायला त्यांनाही रानात जावं लागेल.

तुम्ही विचारलंत, शिक्षणाचं काय. बारावीनंतरचा सरळ रस्ता दापोलीला आहे. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची बी.एस्सी. वनशास्त्र पदवी मिळते, प्रवेश राज्याच्या सीईटीतून. ती पदवी असली की एमपीएससीच्या वनसेवा परीक्षेला बसता येतं. वनरक्षकाची भरती बारावीवर होते, त्यात धावण्याची आणि लांब चालण्याची चाचणी असते, तुमच्या मुलाला ती जड जाऊ नये. संशोधनच करायचं तर प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) एम.एस्सी. करता येतं. जागा मोजक्या, परीक्षा कठीण. नोकऱ्या भरपूर आहेत असं मी सांगणार नाही, म्हणून वनशास्त्राचा पाया आधी घट्ट करावा असं माझं मत.

पण तोपर्यंतची दोन वर्षं फुकट घालवायची गरज नाही. आत्ताच एक आंबा, एक फणस आणि एक बहावा निवडून दर आठवड्याला त्याच झाडांची पालवी, मोहोर, फळ नोंदवायला लावा. सीझनवॉच नावाचा देशभरचा उपक्रम हेच करतो, त्यात शाळकरी मुलं हजारोंनी आहेत. गावात देवराई असेलच. तिथेही एक गुंठा आखून मोजा. तुमच्या रानाशेजारी तो आकडा ठेवला की न तोडलेलं रान कसं असतं ते कुणी वेगळं सांगायला नको. ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही असते, ती बघायला मागा. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२०ची मुदत घातल्यावर बऱ्याच ठिकाणी त्या घाईघाईत भरल्या गेल्या, शेजारच्या गावची यादी उतरवून सुद्धा. तुमच्या गावची तशी निघाली तर सासूबाईंनी सांगितलेली नावं त्यात घालायला ग्रामसेवक नाही म्हणणार नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांचं आणि नंतर खवले मांजराचं काम गावकऱ्यांना घेऊन केलं आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन तुमच्याच तालुक्यात खाजगी रानमालकांशी राखणीचे करार करत आली आहे. मुलाला पत्र लिहू दे दोघांनाही, मोजणीचा कागद जोडून. नुसत्या "मला आवड आहे" अशा पत्रांपेक्षा त्याला उत्तर लवकर येईल.

त्याच्या मोबाइलबद्दल एक. खवले मांजराचं बीळ, धनेशाची ढोली सापडली तर जागेसकट व्हिडिओ कुठेही टाकायचा नाही. खवल्यांसाठी त्या बिचाऱ्या मुंग्याखाऊच्या मागे माणसं लागलेली असतात आणि त्यांच्याकडेही मोबाइल आहेत. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आहे. पण बीळ एकदा जगजाहीर झालं की कायदा पोचेपर्यंत ते रिकामं झालेलं असतं. आणि साप धरायचे नाहीत, फुरशांच्या मुलखात तर नाहीच.

रानातून तोडीशिवाय पैसा येतो का? येतो, थोडा आणि सावकाश. गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेने माणगा बांबू लावा. २०१७मध्ये कायदा बदलल्यापासून वन म्हणून नोंद नसलेल्या खाजगी जमिनीतला बांबू झाडांच्या व्याख्येत येत नाही, त्याला तोडीची किंवा वाहतुकीची परवानगी लागत नाही. चार-पाच वर्षांत काठ्या निघू लागतात. रातांबे रानात असतील तर आमसुलं तुम्ही करतच असाल. बेहडा-हिरड्याच्या फळांना औषधी कारखान्यांकडून मागणी असते. फार मिळत नाही, पण झाड उभं राहून दरवर्षी देतं. माघ लागायच्या आत रानाच्या कडेने दोन-तीन मीटरचा पट्टा साफ करून जाळरेषा काढा, नाहीतर शेजारच्याने गवत पेटवलं की या सगळ्या बेतांवर पाणी.

व्यापाऱ्याचा फोन दसऱ्यानंतर येईल, कारण त्याचा हंगाम तेव्हाच सुरू होतो. त्याला गोड बोलून सांगा की शिमग्याला भाऊ एकत्र बसणार आहेत, त्यानंतर बघू. तोवर विसार म्हणून एक रुपयाही घेऊ नका आणि दिरांनी मुंबईत घेतला असेल तर किती, ते आजच फोन करून विचारा.